रायफलचं बिऱ्हाड

पुण्यात लग्न न झालेल्या मुलांना फ्लॅट भाड्यानं देताना मालक जे प्रश्न विचारतात, त्यांवर एखाद्यानं प्रबंध लिहायला हरकत नाही. मटण करता का? मैत्रिणी येतात का? आल्या तर किती वाजता जातात? गिटार आहे का? बुलेट असेल तर सायलेन्सर मूळचाच आहे ना? आणि शेवटी, आवाज खाली आणून, भिंतीला खिळे मारणार का? या एवढ्या उलटतपासणीत ‘तुमच्याकडे बंदूक आहे का?’ हा प्रश्न कुठेच येत नाही. मालकाच्या भीतीच्या यादीत बंदुकीचा नंबर खिळ्याच्या बराच खाली लागतो.

माझा भाचा बालेवाडीला राहतो. करारात तिघं आहेत, प्रत्यक्षात चौघं. अशा फ्लॅटमध्ये माणसांना आईवडिलांनी ठेवलेली नावं चालत नाहीत, गावाचं नाव चालतं. भाचा म्हणजे नाशिककर. दुसरा नागपूरकर, तिसरा कोल्हापूरकर. चौथा लातूरकर, तो इंटरव्ह्यूसाठी म्हणून दोन दिवसांकरता आला आणि इंटरव्ह्यू कधीच संपला तरी तो आहे. कोल्हापूरकर नेमबाज. सरावासाठी शिवछत्रपती क्रीडा संकुलाची रेंज जवळ पडावी म्हणून त्यानं हा भाग निवडला. त्याच्यासोबत एक एअर रायफल आली, एक पॉइंट टू टू रायफल आली आणि कागदपत्रांची एक एवढी जाड फाइल आली की पाहणाऱ्याला वाटावं, हा फ्लॅट भाड्यानं नाही, विकतच घ्यायला आलाय.

कोणी विचारलं नव्हतं तरी कोल्हापूरकरानं मालकांना आपण होऊन सांगितलं. “काका, माझ्याकडं दोन रायफली आहेत.” काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “परवाना?”

“एकीचा आहे.”

“आणि दुसरी?”

“तिला लागत नाही.”

काकांच्या कानात एवढंच शिरलं की दुसरी विनापरवाना आहे. मग त्या पोरानं सोफ्यावर बसून त्यांची शिकवणी घेतली. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे एअर रायफलीचा जोर 20 ज्यूलच्या आत आणि नळीचा व्यास 0.177 इंचाच्या, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या आत असेल तर परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र पाहून नोंद करतो, बास. दहा मीटरच्या स्पर्धेतली रायफल या मापात बसते. पॉइंट टू टूमध्ये मात्र दारू भरलेलं काडतूस असतं, म्हणून तिला 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. ज्यूल म्हणजे काय हे त्यांना कळलं नसावं, पण ‘दुकानदार नोंद करतो’ हे ऐकून ते सावरले. मराठी माणसाला नोंदीनं फार धीर येतो.

खरा पेच पुढे आला. परवाना मागताना शस्त्र सुरक्षित ठेवायची सोय आपल्याकडे आहे, असं लिहून द्यावं लागतं. कोल्हापूरकर या बाबतीत सरकारपेक्षा कडक. रायफल कुलूपबंद पोलादी कपाटात, तिचा बोल्ट काढून वेगळ्या पेटीत, काडतुसं तिसऱ्याच कुलपात. आणि ते कपाट नुसतं उभं करून उपयोग नाही, कारण चोराला कुलूप उघडता आलं नाही तर तो कपाटच उचलून नेतो. म्हणून ते मागच्या भिंतीला बोल्टनं पक्कं जखडायचं. म्हणजे भिंतीत चार भोकं पाडायची.

रायफल काकांनी पचवली होती. भोकं पचेनात. “ते टेकवून ठेव ना, पडत नाही,” “कपाटावर जड बॅगा ठेव” अशा सूचना झाल्या. डबल टेपचा पर्याय निघाला. हल्ली त्यावर टीव्हीसुद्धा राहतो म्हणे. शेवटी काकूंनी निकाल दिला की चोरानं उद्या तुमच्याच घरातली बंदूक नेऊन कुणावर चालवली तर पेपरात भिंतीचा फोटो येणार आहे का तुमचा? करारात एक जादा कलम पडलं: घर सोडताना चारही भोकं पुट्टी भरून, मूळच्या रंगाशी जुळणारा रंग देऊन पूर्ववत करून द्यावीत. काकांनी भोकं पाडण्याआधी कोऱ्या भिंतीचे फोटो काढून ठेवले. काय ते, आधीचा पुरावा.

आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा हक्क नाही, परवानगी आहे, हे या निमित्तानं मी नव्यानं वाचलं. लॉर्ड लिटनच्या राजवटीत 1878 साली शस्त्र कायदा आला आणि हिंदी माणसाच्या हातातलं शस्त्र परवान्याच्या कागदात गुंडाळलं गेलं. त्याचा राग एवढा, की 1931 च्या कराची अधिवेशनात काँग्रेसनं शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला. पण स्वातंत्र्य आल्यावर घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो मुद्दा मांडला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. ज्याला त्याला बाजारातून वाटेल ते हत्यार आणू दिलं तर राज्य चालवायचं कसं, असा त्यांचा रोख होता. ते बरोबरच होतं. फक्त त्याच बैठकीत कुणीतरी भाडेकरूचा खिळा मारण्याचा हक्क मांडून पाहायला हवा होता, असं मला राहून राहून वाटतं.

आता किल्ली. चार मुलांच्या घरात किल्ली म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. भाच्याच्या फ्लॅटची एक किल्ली पोळ्यांच्या मावशींकडे, एक समोरच्या आजींकडे, एक चपलांच्या स्टँडमध्ये डाव्या पावलाच्या बुटात आणि एक नागपूरकरानं हरवलेली, म्हणजे ती कुणाकडे आहे ते देवाला माहीत. या घरात कोल्हापूरकरानं जाहीर केलं की कपाटाची किल्ली माझ्याशिवाय कुणाकडे राहणार नाही, आणि कुठे आहे हेही कुणाला कळणार नाही. बाकीच्यांना अपमान वाटला. “आमच्यावर विश्वास नाही का बे?” असं नागपूरकर म्हणालाही. प्रश्न विश्वासाचा नव्हता. परवाना माणसाच्या नावावर असतो, फ्लॅटच्या नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1972 साली एका खटल्यात सांगून ठेवलंय की ताबा म्हणजे वस्तू हातात असणं एवढंच नव्हे. ती आहे हे ठाऊक असणं आणि तिच्यावर आपली सत्ता चालणं, यालाही ताबा म्हणतात. म्हणजे कपाटात काय आहे हे माहीत असलेल्या रूममेटच्या खिशात त्याची किल्ली आली, तर बसल्या जागी भानगड. हे ऐकल्यावर तिघांनी किल्लीकडे पाहणंसुद्धा सोडलं. आता ती कोल्हापूरकराच्या गळ्यात, जोतिबाच्या ताईतासोबत असते. अंघोळीलाही तो ती काढत नाही. लातूरकर त्याचे शर्ट, शॅम्पू आणि एकदा तर चष्माही वापरताना आढळला आहे. ही एकच वस्तू त्यानं मागितलेली नाही.

यावरून मला मुंबई-पुण्यातल्या गार्डांच्या खोल्या आठवतात. रोकड नेणाऱ्या गाड्यांवर, सराफांच्या दारात जे बंदूकवाले उभे असतात, त्यांतले कितीतरी निवृत्त जवान. स्वतःची परवान्याची बारा बोअर असेल तर नोकरी लवकर लागते आणि लाठीवाल्यापेक्षा पगारही बरा मिळतो. राहायला दहा बाय बाराची खोली आणि त्यात पाळ्या लावून झोपणारी माणसं. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच गादीवर पडतो, गादीला थंड व्हायला सवड नाही. पण खाट पाळीपाळीनं वापरता येते, बंदूक नाही. बदली गार्डाला ‘आजच्या दिवस माझी घेऊन जा’ म्हणता येत नाही. दुरुस्तीला किंवा परवान्याच्या नूतनीकरणाला दुसऱ्याच्या हाती पाठवायची झाली तरी परवानाधारकाची लेखी परवानगी लागते. तिथं त्या लोखंडी पेटीला जेवढी जागा मिळते, तेवढी काही माणसांनाही मिळत नाही.

पुढचा अंक पत्त्याचा. परवाना कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांचा, आणि शस्त्र आलं पुण्याच्या पोलीस आयुक्तांच्या हद्दीत. तीस दिवसांपेक्षा जास्त काळासाठी शस्त्रासह मुक्काम हलवला, तर तीस दिवसांच्या आत दोन्हीकडे कळवायचं, असा नियम आहे. यातली गंमत अशी की 2019 च्या दुरुस्तीनं शस्त्राचा परवाना तीनाऐवजी पाच वर्षांचा केला, आणि घराचा करार मात्र अकरा महिन्यांचाच राहिला. म्हणजे दर अकरा महिन्यांनी पोरगं नवं घर शोधणार, आणि त्याची रायफल दोन कार्यालयांना पत्र पाठवणार की मी आता अमुक सोसायटीत, तमुक विंगमध्ये, लिफ्टशेजारी राहते. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीही हल्ली इतकी खुशाली कळवत नाहीत.

कळवल्याप्रमाणे एक हवालदार पाहणीला आले. माणूस वयानं, अनुभवानं पिकलेला. आल्या आल्या त्यांनी बूट बाहेर काढले. कोल्हापूरकरानं फाइल उघडली. परवाना, त्यावरचा युनिक नंबर, रायफलीवर कोरलेला क्रमांक, काडतुसांच्या खरेदीच्या पावत्या, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, डॉक्टरचं प्रमाणपत्र. हवालदारांनी एकेक कागद ताडून पाहिला. कपाट हलवून पाहिलं. हललं नाही. “वा,” म्हणाले. भाच्यानं चहा आणला. चहा घेताना त्यांचं लक्ष सोफ्यावर झोपलेल्या लातूरकराकडे गेलं.

“हे कोण?”

खोलीत शांतता पसरली. करार काढला. त्यात तीन नावं. भाडेकरूंची माहिती पोलिसांना द्यायचा फॉर्म काढला. त्यातही तीन नावं, आणि त्यांपैकी नागपूरकराच्या आधारवर पत्ता एक, करारात दुसरा, आणि तो सध्या सांगत होता तो तिसरा. भाच्याचा फोटो त्याला दाढी यायच्या आधीचा. हवालदार फाइलकडे बघत, मग पोरांकडे बघत, मग पुन्हा फाइलकडे. या घरात ज्याचे कागद पूर्ण आहेत, ज्याची ओळख देशभरच्या नोंदीत आहे, ज्याच्या चारित्र्याची चौकशी झालीय असं फक्त रायफलीचंच बिऱ्हाड निघालं. “बंदूक ठीक आहे,” त्यांनी कप खाली ठेवत शेरा मारला, “माणसांचं काहीतरी बघा.”

रायफल गप्प बसते. पण सोसायटी गप्प बसत नाही. शस्त्र सांभाळण्याचा पहिला नियम म्हणजे ते आपल्याकडे आहे याची दवंडी पिटायची नाही, कुलूप दुसरा. हा पहिला नियम 1 ऑगस्ट 2024 ला मोडला, आणि तो मोडला काकांनी. त्या दिवशी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुण करून कांस्यपदक जिंकलं. रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला पोरगा, सराव याच बालेवाडीत केलेला. अंतिम फेरी काकांनी टीव्हीपुढे उभं राहून बघितली. संध्याकाळी पेढे घेऊन वर आले, कोल्हापूरकराला मिठी मारली, आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहून मोकळे झाले: ‘आपल्या सी विंगमध्येही एक ऑलिंपिकवीर घडत आहे. रायफलीसह वास्तव्यास. अभिमान वाटतो.’

झालं. दुसऱ्या दिवसापासून दार वाजू लागलं. एका आजोबांना बाल्कनीतल्या पारव्यांचा बंदोबस्त हवा होता. सेक्रेटरींनी रात्री दुसऱ्यांच्या पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्याला ‘नुसती लांबून दाखवायची’ विनंती केली. कॉलेजातली दोन पोरं रील काढायला आली. बंदूक हातात घेऊन फोटो टाकणाऱ्यांवर पोलीस गुन्हे दाखल करतात हे त्यांना बातम्यांतून ठाऊक होतं, पण ते इतरांवर, असा त्यांचा समज. लातूरकराचा चुलतभाऊ फोनवर म्हणाला की लग्नात वरातीपुढं दोन बार काढायला मित्राला घेऊनच ये. त्याला कोल्हापूरकरानं स्वतः फोन घेऊन सांगितलं की आनंदाच्या भरात गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला तर 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. चुलतभावानं विचारलं, मग फटाक्यांचा खर्च किती येईल?

सरावाची कथा वेगळीच. नेमबाज घरी गोळी न भरता नुसता नेम धरतो. त्याला ते ड्राय प्रॅक्टिस म्हणतात. जाड कॅनव्हासचं जॅकेट आणि तसलीच ताठ पँट घालून हा मुलगा हॉलमध्ये उभा राहतो. समोरच्या भिंतीवर काळा ठिपका. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे आपण पेनानं चुकून टेकवतो तेवढा. त्याच्याकडे हा तासभर बघतो. श्वास घेतो, सोडतो, थांबतो, खटका दाबतो, काही होत नाही, पुन्हा उचलतो. अभिनव बिंद्राच्या वडिलांनी घरीच त्याच्यासाठी रेंज बांधली होती. 2008 साली त्यानं बीजिंगहून सुवर्ण आणलं. इथं रेंज म्हणजे स्वयंपाकघराच्या ओट्यापासून हॉलच्या भिंतीपर्यंतचं अंतर, मध्ये नागपूरकराची वाळत घातलेली बनियन, आणि तो ठिपकाही खिळ्याविना, रंग न उचकटणाऱ्या टेपनं लावलेला. सरावाच्या वेळी रायफलीची नळी ज्या दिशेला असेल तिकडून कुणी जायचं नाही, हा नियम. त्यामुळे रोज संध्याकाळी तासभर तिघंही बेडरूममध्ये स्थानबद्ध असतात. भाच्याच्या मते त्या तासात त्याचा अभ्यास होतो. बहिणीच्या मते तो जन्मात पहिल्यांदा होतोय.

दसऱ्याला शस्त्रपूजन आलं. काकूंनी आदल्या रात्री, खंडेनवमीला, नारळ फोडायचा कोयता घासून ठेवला होता; तो घेऊनच वर आल्या. पाटावर कोयता, विळी, नागपूरकराचा लॅपटॉप, भाच्याचा स्क्रूड्रायव्हर आणि लातूरकराचा मोबाइल, कारण त्याच्याकडे दुसरं कुठलंही हत्यार नाही. मग कपाट उघडलं. रायफल बाहेर आली ती बोल्टशिवाय, आणि नळीतून एक भगव्या रंगाची दोरी आरपार काढलेली. ती सेफ्टी फ्लॅग असते. आत काही नाही हे लांबूनही दिसावं म्हणून. काकूंना वाटलं, ही पूजेचीच काहीतरी पद्धत असणार. त्यांनी दोरीलाही हळदकुंकू लावलं.

त्या वेळी काकांचा पाच वर्षांचा नातू सोबत होता. सगळे आरतीत गुंतलेले, आणि त्याचा हात सरळ खटक्याकडे गेला. कोल्हापूरकरानं आरती अर्धी टाकून आधी रायफल उचलली, नळी वर, आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग ताट हातात घेऊन राहिलेली आरती पुरी केली. रायफल रिकामी होती, बोल्ट नव्हता, काडतूस दोन कुलपांपलीकडे. तरी त्याचा चेहरा उतरलेला होता. काका म्हणाले, “अरे, पण रिकामीच होती ना?” तो म्हणाला, “काका, अपघात झालेली प्रत्येक बंदूक रिकामीच असते.” हे तो कुठल्या प्रशिक्षकाकडून शिकला कोण जाणे, पण त्यानंतर काकांनी नातवाला वर आणायच्या आधी फोन करायची पद्धत पाडली. भिंतीतली भोकंही त्यांना तेवढ्यापुरती शोभून दिसू लागली.

दसरा झाला आणि तीन दिवसांत विधानसभेची आचारसंहिता लागली. निवडणुकीत परवान्याची शस्त्रं पोलिसांकडे जमा करायला सांगतात. खेळाडूंना अर्ज करून सूट मिळवता येते. पण कोल्हापूरकर दिवाळीला गावी जाणार होता आणि तीन कुलपांवर विसंबून रायफल या तिघांच्या पहाऱ्यात सोडायला तो तयार नव्हता. तो भाच्याला सोबत घेऊन ठाण्यात गेला. तिथं रांगच होती. मोठे कारखानदार, बिल्डर, बागायतदार, प्रत्येकाच्या हातात मखमली पिशवी. देवळात दान द्यायला आल्यासारखे सगळे गंभीर. जीव धोक्यात आहे म्हणून ज्यांनी पिस्तूल घेतलं, ते नेमक्या निवडणुकीत निःशस्त्र होऊन घरी चालले होते. काउंटरवर तेच ते पाहणीला आलेले हवालदार. त्यांनी क्रमांक ताडला, नोंद केली, शिक्का मारला आणि व्यवस्थित पावती दिली: एक रायफल, स्थिती उत्तम, निकालानंतर परत.

ती पावती बघून भाच्याच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. दिवाळीत तोही नाशिकला येणार होता, नागपूरकर नागपूरला, आणि फ्लॅटवर एकटा लातूरकर, भरलेला फ्रिज आणि काकूंनी दिलेला फराळाचा डबा.

“साहेब,” त्यानं विचारलं, “आमच्याकडं आणखी एक जण आहे. तोही तेवढे दिवस जमा करून घेता का? पावती दिली तर बरंच.”

हवालदारांनी वर पाहिलं. ओळखीचं हसले.

“सोफ्यावरचा ना? त्याचे कागद आणा आधी.”